अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले चहा

दिवाणजी

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटाच आहे, पण आधी थोडं सांगावं लागेल, नाहीतर 'काकांना रिकामा वेळ फार' म्हणाल. (वेळ रिकामाच आहे, ते खरं.)

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात ३१ वर्षं दिवाणजी होतो. हंगामात सदरा भिजत घातला की बादलीतलं पाणी पिवळं व्हायचं आणि शिंकलो तर रुमाल पिवळा. सध्या थोरल्याकडे न्यू जर्सीत आलोय, सहा महिन्यांसाठी. बाहेर बर्फ, आत हीटर, घशाला कोरड. खोकताना बघून सूनबाई म्हणाली, "बाबा, टर्मरिक टी घ्या." कप पुढे आला. रंग बघून बरं वाटलं. एक घोट घेतला आणि तोंडातून निघूनच गेलं, "ह्यात हळद कुठाय गं?"

ती हसली. शनिवारी दुकानात गेलो तेव्हा तिनं मला त्या फडताळापुढे उभं केलं. हळद-आलं, हळद-मध, हळद-दालचिनी, हळद-अमुक, हळद-तमुक. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं असायची, जमिनीत खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. इथं नुसतं पेव फुटलेलं! चार प्रकार उचलले. घरी चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही आता परीक्षण लिहिणार." लिहिणारच.

पद्धत अशी ठेवली. पांढरे कप, प्रत्येकी २०० मिली उकळतं पाणी, पाच मिनिटं बशी झाकून, साखर नाही. मधे तोंड साफ करायला सुके चुरमुरे. (भडंग नाही. भडंगानं जीभ कामातून जाते, हे सांगलीकराला सांगायला नको.)

पहिला कप हळद-आल्याचा. इथं पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, हे मला फार आवडलं, आपल्या काटापट्टीसारखंच प्रामाणिक. क्रम होता आलं, ज्येष्ठमध, हळद, गवती चहा, संत्र्याची साल. म्हणजे नाव हळदीचं आणि हळद तिसऱ्या पाटावर. चवही तशीच. आधी आल्याचा झटका, मागाहून ज्येष्ठमधाचा तो चिकट गोडवा, जो घोट गिळल्यावरही जिभेच्या कडांना धरून बसतो. हळदीचा फक्त रंग. कात्रीनं पुडी कापून ताटलीत पसरली. सगळी मिळून दोन ग्रॅम. त्यातले पिवळे कण मी नखानं वेगळे केले आणि हसूच आलं. यार्डात लगडी (म्हणजे अख्खी हळकुंडं) वेगळी, गड्डा वेगळा आणि खाली उरते ती कणी. ही कणी होती. कणीत वाईट काही नसतं, पण लगडीच्या भावात कुणी कणी घेत नाही.

दुसरा, हळद-मध-लिंबू. लिमलेटची गोळी गरम पाण्यात टाकल्यासारखा. पुढे बोलत नाही.

तिसऱ्यात रूईबॉस नावाची दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाची लाल पाती होती, वर दालचिनी. रंग विटेचा, त्यामुळे हळद दिसायचाही प्रश्न मिटला. प्यायला बरा लागला, दोन वेळा घेतला. पण हळदीच्या सौद्यात त्याचं काय काम?

चौथा खरं तर चहा नव्हे. नारळाच्या दुधाची पूड, साखर, हळद, मिरी, पाण्यात ढवळायचं. सूनबाई त्याला गोल्डन मिल्क म्हणते. मी नाक मुरडूनच प्यायला बसलो. आणि गंमत बघा, चारांत खरी हळद लागली ती ह्यातच. जिभेच्या मुळाशी येणारी ती किंचित कडसर, उबदार चव. साखर काढली असती तर मी आणखी मागितलं असतं.

आता पाचवा, माझा स्वतःचा. येताना पाव किलो राजापुरी जातीची लगडी बांधून आणलीय, निवडक. हळकुंड मोडलं की धातूवर टिचकी मारल्यासारखा आवाज यावा आणि आत केशरी-पिवळी चकाकी दिसावी, अशी. इथं खलबत्ता नाही. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून लाटण्यानं ठेचली. अर्धा चमचा भरड, २०० मिली पाणी, दहा मिनिटं खळखळ उकळली. काय वास सुटला! जिन्यापर्यंत गेला. दोन मिनिटं मी यार्डातच होतो.

आणि कपात? कडू. मातकट. दुसऱ्या घोटाला घशात खरखर, तळाशी बोटभर गाळ. सौ.नं एक घोट घेतला आणि काही न बोलता कप परत दिला. ३५ वर्षांच्या संसारात ह्याचा अर्थ मला कळतो.

तर प्रश्न असे. वास घरभर जातो, मग कपात का राहत नाही? कडवटपणा कमी करून हळदीची चव ठेवता येते का? आणि मुळात हळद पाण्यात उतरते का, की हे सगळेच चहा अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेत?

चहाबाज_मिरजकर

काका, पी हळद नि हो गोरी! एवढ्या थंडीत दूध, साखर, आलं आणि पावडर असलेला साधा चहा प्या की. हळद फोडणीत बरी. मिरजेत तुम्हाला कुणी असला कप दिला असता तर तो परत मिरजेच्या स्टेशनापर्यंत पोचला नसता.

दिवाणजी

मिरजकर, गोरं व्हायचं वय गेलं. आता खोकला गेला तरी पुष्कळ. आणि मिरजेनं सांगलीकराला हळदीबद्दल शिकवू नये, तंतुवाद्यांबद्दल शिकवावं, आम्ही मांडी घालून ऐकू.

रसायनबाई

काका, मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच आहे. वास घरभर गेला, म्हणून कपात राहिला नाही. हळदीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वास येतो तो टर्मेरोन वगैरे उडून जाणाऱ्या तेलांमुळे. रंग येतो तो कर्क्युमिनमुळे, आणि ते उडत नाही. भांडं उघडं ठेवून दहा मिनिटं उकळलंत, तेल वाफेबरोबर जिन्यात गेलं, मागे राहिला रंग आणि कडवटपणा.

दुसरं, कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. तेलात, तुपात, स्पिरिटात विरघळतं. तुमच्या कपात जे पिवळं दिसतं ते मुख्यतः तरंगणारे बारीक कण आहेत. म्हणून गाळ आणि म्हणून घशात खरखर. कप पंधरा मिनिटं न हलवता ठेवा, वरचं पाणी फिकट होत जाईल. आता कळलं ना, नारळाच्या दुधाचा चौथा कप का जिंकला? त्यात स्निग्धांश होता.

मिरीबद्दल कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगते. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन (मिरीतला तिखट घटक) देऊन पाहिलं, आणि रक्तातलं कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आकडा मोठा आहे, पण मुळात शोषण इतकं नगण्य असतं की वीसपटीनं वाढूनही ते फार होत नाही. शिवाय २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन म्हणजे साधारण ४०-५० ग्रॅम हळद. एवढी हळद कपात कुणी घालत नाही. मिरी चवीसाठी घाला, चांगली लागते.

एक विनंती, उकळताना खाण्याचा सोडा जवळपास फिरकू देऊ नका.

दिवाणजी

बाई, सोड्याचं तुम्हाला कसं कळलं?

काल संध्याकाळी हाच प्रकार झाला. सूनबाईनं करपलेलं पातेलं सोडा घालून भिजत ठेवलं होतं. ते मी नुसतं ओतून, न विसळता चहाला घेतलं. हळद टाकली आणि पाणी लालभडक! माझ्या पोटात गोळा. म्हटलं, आपल्याच यार्डातून, आपल्याच हातानं निवडून आणलेल्या हळदीत रंग निघाला? ३१ वर्षांची अब्रू गेली. चिरंजीवांना उठवलं, टॉर्च लावून बाकीची हळकुंडं मोडून बघितली, एक न एक.

सौ. आली. पातेल्यात बघितलं आणि म्हणाली, "कुंकू केलंत की हो." झालं. हळदीला चुना किंवा सोडा लागला की कुंकवाचा लाल येतो, हे लहानपणी घरात बघितलेलं. पण घाबरलेल्या माणसाला शहाणपण सुचत नाही. त्यात लिंबू पिळलं तर परत पिवळं झालं, मग चिरंजीव आणि मी अर्धा तास तेच करत बसलो. लाल, पिवळा, लाल. चहा राहिला बाजूला.

रसायनबाई

हाच प्रयोग मी दरवर्षी अकरावीला दाखवते. आम्लात पिवळा, अल्कलीत लाल. तुम्ही घरी बसून केलात. तुमच्या हळदीची अब्रू शाबूत आहे.

हळद्याची_लेक

काका, माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव. गावाचं नावच वायगाव हळद्या आहे जी, त्यावरून समजा. आमच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तुमच्या सांगलीला २०१८ मध्ये. मोठेपणा नाही सांगत, तारीख सांगते. :)

आमच्याकडे हळदीचा काढा म्हणजे सुक्या हळकुंडाचा नाहीच. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी सुरू झाली की शिजवायच्या आधीचे ओले गड्डे घरात येतात. आई बोटभर ओली हळद किसून, आधी चमचाभर तुपावर परतून घ्यायची. पांढरा धूर येईपर्यंत नाही, कडेला तूप केशरी होईपर्यंत. मग पाणी, झाकण, आणि आच बंद. उकळत ठेवायची नाही. वरून गूळ आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका. मिठानं कडू मागे सरतं.

ओल्या हळदीत तो मातकटपणा नसतो. गाजर आणि आलं ह्यांच्या मधलं काहीतरी लागतं. तुमच्या तिथे भारतीय दुकानात ओली हळद मिळतेच. फक्त आंबेहळद उचलू नका, ती आतून फिकट असते आणि तिला कैरीचा वास येतो. लोणच्याला छान, काढ्याला नाही.

वसमतकर

२०२४. वसमत. बाकी काही म्हणायचं नाही.

दिवाणजी

वसमतकर, नोंद घेतली. यार्डात तुमची हळद 'परपेठ', म्हणजे बाहेरगावची, म्हणून यायची आणि भाव आमच्या नाकावर टिच्चून घेऊन जायची, हेही कबूल.

ताई, तुपावर परतण्याचं तुम्ही लिहिलंत ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सौ.चं उत्तर जसंच्या तसं देतो: "मी ३५ वर्षं फोडणीत हेच करतेय. तेलात हळद टाकल्यावर भाजीचा रंग कसा येतो, ते कधी ओट्याजवळ येऊन बघितलंत?" नाही बघितलं. मी पोती बघितली.

जकार्तावासी

दिवाणजी, मी १२ वर्षं इंडोनेशियात नोकरीला आहे. हळदीचं पेय प्यायचं तर ते इथल्या लोकांकडून शिकावं, असं माझं मत झालंय. आपण हळद जेवणात घालतो, औषध म्हणून घेतो. हे लोक ती तहान लागली म्हणून पितात.

पेयाचं नाव 'कुन्यित आसम'. कुन्यित म्हणजे हळद. आसम म्हणजे आंबट, आणि चिंचेलाही तेच नाव. पहिल्या वर्षी मला वाटलं आसामच्या चहात हळद घालतात की काय! सकाळी गल्लीतून बायका पाठीवर टोपलीत बाटल्या बांधून फिरतात, पेल्यात ओतून देतात. ह्या सगळ्या पेयांना मिळून जामू म्हणतात. २०२३ मध्ये युनेस्कोनं जामूच्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. पिवळ्या बाटलीत कुन्यित आसम, पांढरट बाटलीत 'बरास कंचुर', म्हणजे तांदूळ आणि कचोऱ्याच्या जातीचा एक कंद.

कृती सोपी. ओली हळद किसून किंवा वाटून पाण्यात घालायची, उकळी आली की चिंचेचा कोळ आणि ताडगूळ, चिमूटभर मीठ, फडक्यातून गाळायचं. गाळणी नको, फडकंच. तुमच्या घशातली खरखर तिथेच जाते. गार करून प्यायचं. गरमही चालतं, पण गार केल्यावर हळदीचा वास जास्त स्पष्ट लागतो, का ते रसायनबाई सांगतील.

पहिल्या दिवशी मला ते सांडलेल्या आमटीसारखं लागलं. चौथ्या दिवशी मी त्या बाईची वाट बघत दारात उभा होतो.

रसायनबाई

गार केल्यावर का, ह्याबद्दल पैजेवर काही सांगत नाही. पण आंबटाचा एक फायदा नक्की. आम्लात रंग स्वच्छ पिवळा राहतो, शिवाय आंबट-गोड-खारट असं सगळं मिळून कडूला झाकतं. नुसता गोडवा घालत गेलं तर दुसऱ्या कपच्या लिमलेटसारखं होतं.

औषधवाला

आनंदात मिठाचा खडा टाकतोय, पण दुकानात रोज विचारणारी माणसं येतात म्हणून. हळद घरच्या मापात काही अपाय करत नाही. कर्क्युमिनसाठी जेईसीएफए ह्या आंतरराष्ट्रीय समितीनं घातलेली मर्यादा शरीराच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. चांगल्या हळदीत ३ ते ५ टक्के धरलं तर एक ग्रॅममध्ये ३० ते ५० मिलिग्रॅम. दिवाणजींचा अर्धा चमचा दीडेक ग्रॅम. दोन कपांपर्यंत कुठेच अडत नाही.

अडतं ते गोळ्यांपाशी. हळदीच्या अर्काच्या, त्यात मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्या. त्यांच्यामुळे यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत आहेत. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, तर चहासुद्धा रोजचा करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. काका, तुमचं काही चालू आहे का?

दिवाणजी

बीपीची एक गोळी, पहाटे. खोकला सुरू झाला तेव्हा सूनबाईनं डॉक्टरांना फोन करून तेही विचारून घेतलंय. भाताच्या वरणातली हळद मोजायची का, असं मी विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

तुमचा अर्धा चमचा दीड ग्रॅमचा अंदाज अगदी बरोबर. स्वैपाकघरातल्या काट्यावर मोजला, १.४ भरला. दिवाणजीला काटा दिसला की राहवत नाही.

माशेलची_सून

गोव्यात हळद म्हटलं की आम्हाला आधी पान आठवतं, कंद नंतर. पातोळ्या हळदीच्या पानात वाफवतात तो वास आठवा. कंदाच्या वासाहून अगदी निराळा, हिरवा, थोडा लिंबाच्या बाजूचा. माझ्या सासूबाई कषायात (आमच्याकडचा काढा) धने-जिरे उकळून झाले की शेवटी पानाचा एक तुकडा दुमडून टाकतात आणि लगेच झाकण. कडू नाही, गाळ नाही, घशात काही नाही. तुम्ही शोधताय ती हळद कदाचित जमिनीच्या वर असेल.

आणि गावाचा अभिमान म्हणून सांगते. अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं ना, ते १९९७ मध्ये रद्द करून घेणारी सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था तेव्हा शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या हाताखाली होती. माशेलकर आमच्या माशेलचे!

दिवाणजी

ते वर्ष पक्कं आठवतंय. यार्डात हमालांनी पेढे मागितले होते, कारण कळलं नसलं तरी. 'अमेरिकेनं हळद परत दिली' एवढंच सगळ्यांना ठाऊक. आणि आता मी त्याच अमेरिकेत बसून हळद प्यायला शिकतोय.

बरं, रविवारी फेरपरीक्षा झाली. परीक्षक तीन: मी, सौ., आणि चिरंजीव. सूनबाईला कप धुवायला लावलं नाही, हे नमूद करतो.

आधी वर्ध्याच्या ताईंची. भारतीय दुकानात ओली हळद मिळाली, पिशवीवर देश लिहिलेला, गाव नाही. किसायला घेतली, बोटं अजून पिवळी आहेत. सौ.नं स्वतः तूप तापवलं, मला हात लावू दिला नाही. कडेला तूप केशरी झालं तेव्हा म्हणाली, "आता." पाणी, झाकण, आच बंद, पाच मिनिटं. गूळ नखाएवढा, मीठ चिमूटभर. वर तुपाचे बारीक तवंग. वास ह्या वेळी घरात कमी आणि कपात जास्त होता. चव गोलसर. कडू आहे, पण मेथीच्या लाडवात असतं तेवढंच. चिरंजीवांनी पूर्ण प्याला. त्याला मी लहानपणी हळदीचं दूध पाजायला घरभर पळायचो.

मग त्याच रीतीनं माझी राजापुरी. भरड तुपावर परतली, दोन मिरी ठेचून. फडक्यातून गाळली. फडकं म्हणजे चिरंजीवांचा जुना रुमाल, तो आता यार्डातल्यासारखा झालाय. सुकी हळद ओलीपेक्षा जड लागते हे खरं, पण खरखर गेली. आणि जिभेच्या मुळाशी तीच, चौथ्या कपातली, उबदार चव. नारळ नाही, साखर नाही. एवढ्यासाठी मी पाच कप आणि एक पातेलं वाया घालवलं.

जकार्तावाल्यांचं शेवटी. चिंच घरात नव्हती. सौ. म्हणाली आमसूल आहे. आमसूल टाकलं. रंग असा आला की तिनंच नाव ठेवलं, 'सोलकढीचा अपघात'. चव वाईट नव्हती, पण आमसुलाचा वास हळदीला बोलू देत नाही. सोमवारी चिंच आणून परत केलं, ताडगुळाऐवजी साधा गूळ, रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी बाहेर उणे सहा आणि आम्ही गार हळद पितोय! पहिला घोट सांडलेल्या आमटीचा, तुम्ही म्हणालात तसाच. दुसऱ्यापासून मला समजायला लागलं. आंबट आधी येतं, गोड मधे, आणि हळद शेवटी हळूच येते आणि थांबते. माझ्या मते पहिला नंबर हाच. सौ.चा पहिला नंबर ओल्या हळदीचा. चिरंजीव म्हणाले रूईबॉसवाला. त्यांना मतदानातून वगळलं आहे.

पाकिटातल्या चहांचं म्हणाल तर आलं-ज्येष्ठमधवाला मी खोकल्याला रात्री घेतो. घशाला खरंच आराम पडतो, आणि तो आराम ज्येष्ठमधाचा आहे हे मला आता माहीत आहे. सूनबाईला सांगितलं, पाकिटावर मागची बाजू आधी वाच. ती म्हणाली, "बाबा, मी वाचूनच घेतला होता. तुम्हाला खोकला होता, हळदीचा सौदा करायचा नव्हता." ह्यावर काय बोलणार?

माशेलची_सून

आणि पान?

दिवाणजी

पान इथं ह्या दुकानात नाही. पण ओल्या हळदीतल्या दोन गड्ड्यांना डोळे फुटलेले दिसले. कुंडीत लावलेत, हीटरच्या जवळच्या खिडकीत. आपल्याकडे लावण अक्षय्य तृतीयेला, इथं फेब्रुवारीत, बघू काय म्हणते. माझं परतीचं तिकीट मे महिन्याचं आहे. सूनबाईला सांगून ठेवलंय, पान हातभर झालं की एक कापायचं, दुमडून टाकायचं, लगेच झाकण, आणि मला फोन. रसायनबाई, एक विचारायचं राहिलं. पांढऱ्या कपांना डाग पडलेत, सोड्यानं घासले तर लाल झाले.

रसायनबाई

सोडा नको म्हटलं होतं ना! साबणानं धुवा आणि उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

दिवाणजी

ऊन आलं की ठेवतो. सध्या सहा कप खिडकीत रांगेनं उभे आहेत, कुंडीच्या बाजूला.